पंचायत-पालिकेतली नोकरी, कलम १६ आणि आपण सीमाभागातले

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी.

भरतीची जाहिरात निघाली की आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दोन निरोप फिरू लागतात. एक म्हणतो, मराठी पोरांना मुद्दाम मागे ठेवतात. दुसरा म्हणतो, कन्नड येत नसेल तर अर्ज तरी कशाला करायचा. दोन्हीकडची माणसं तावातावानं बोलतात, घटनेचं पान मात्र कुणी उघडत नाही. म्हणून हा धागा. मी वकील नाही, हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवतो. वाचलंय ते मांडतो, जाणकारांनी भर घालावी.

कलम १२ मध्ये ‘राज्य’ कशाला म्हणायचं ते दिलंय आणि त्यात स्थानिक प्राधिकरणं येतात. म्हणजे ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका, सगळ्या. गावात पाणी सोडायला माणूस नेमायचा असला तरी पंचायतीला कलम १४ (कायद्यापुढं सगळे समान) आणि १६ पाळावीच लागतात.

कलम १६(१) सांगतं की सरकारी नोकरीत सर्व नागरिकांना समान संधी मिळेल. १६(२) सांगतं की केवळ धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास यांवरून कुणाला अपात्र ठरवता येणार नाही. ही यादी दोनदा वाचा. तिच्यात भाषा नाही. शिक्षणसंस्थांतल्या प्रवेशाबद्दलचं कलम २९(२) काढा, तिथं भाषा आहे. सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात केवळ भाषेवरून प्रवेश नाकारता येत नाही. नोकरीच्या कलमात तसं संरक्षण दिलेलं नाही.

यावरून माझं मत असं झालंय की कारकुनाच्या जागेला कन्नड मागितलं एवढ्यानं ती भरती घटनाबाह्य ठरत नाही. जाहिरातच न काढता माणसं भरली तर मात्र ठरते. आणि आपल्या तालुक्यातली पोरं जास्त मार खातात ती या दुसऱ्या प्रकारात.

माझ्या मावसभावाच्या मुलाचं सांगतो. आयटीआय फिटर झालाय, कन्नड बऱ्यापैकी बोलतो. सीमाभागातल्या एका स्थानिक संस्थेत पंपावरच्या जागा भरणार असं कळलं म्हणून चौकशीला गेला. ‘यादी झाली’ एवढंच सांगितलं. जाहिरात कुठं लागली होती, अर्ज कधी मागवले, यादी कुणी केली, काहीच नाही. निवड झालेल्यांत मराठीही होते, कन्नडही. गावात सगळ्यांनी याला भाषेचा रंग दिला. मला तो कलम १६(१)चा सरळ भंग वाटतो आणि तो त्या यादीबाहेरच्या कन्नड पोरावरही तितकाच झाला.

बोला.

शहापूरचा (बेळगाव)

सर, मांडणी आवडली, पण भाषेचा मुद्दा तुम्ही फार लवकर सोडून दिलात. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली तेव्हा केंद्रानं भाषिक अल्पसंख्याकांसाठी स्मरणपत्र काढलं होतं, १९६१च्या मुख्यमंत्री परिषदेतही त्यावर एकमत झालं. त्यात नोकरभरतीबद्दल स्पष्ट आहे की भरतीच्या वेळी राज्यभाषेच्या ज्ञानाचा आग्रह धरू नये, परिवीक्षेचा (प्रोबेशनचा) काळ संपण्याआधी राज्यभाषेची परीक्षा घ्यावी. म्हणजे आधी नोकरी, मग भाषा. शिवाय ज्या जिल्ह्यात, तालुक्यात किंवा नगरपालिकेत अल्पसंख्याक भाषा बोलणारे १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथं महत्त्वाचे नियम, सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या. आपला जिल्हा या आकड्याच्या वर आहे, खानापूर आणि बेळगाव तालुका तर कितीतरी वर.

हे कर्नाटकानं मान्य केलेलं असताना दारातच कन्नडचा पेपर लावायचा, याला समान संधी कसं म्हणायचं? आमच्या पिढीतल्या कितीजणांनी अर्जच केले नाहीत. ती माणसं कुठल्याच आकडेवारीत येत नाहीत. त्याचं वाईट वाटतं.

धारवाड_पीठ

मी उच्च न्यायालयाच्या धारवाड पीठासमोर सेवाविषयक प्रकरणं चालवतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

शहापूरकर म्हणतात ते स्मरणपत्र खरं आहे आणि त्यातली भरतीबद्दलची तरतूदही त्यांनी बरोबर सांगितली. अडचण अंमलबजावणीत आहे. तो सरकारांमधला समझोता आहे. विधिमंडळाच्या कायद्यावर आणि भरती नियमांवर तो मात करू शकत नाही. कलम ३५०ब खालचा भाषिक अल्पसंख्याक आयुक्त चौकशी करून राष्ट्रपतींना अहवाल देतो, आदेश देत नाही. त्यामुळे निव्वळ या स्मरणपत्रावर रिट याचिका उभी करायला मी कुणाला सांगणार नाही. पूरक आधार म्हणून जरूर जोडावं.

मग भाषेच्या अटीला काहीच मर्यादा नाही का? आहे, आणि ती कलम १४ मधून येते. कुठलीही पात्रता त्या कामाशी संबंधित असली पाहिजे. जन्म-मृत्यूची नोंद कन्नडमध्ये करणाऱ्या कारकुनाला कन्नड लिहिता येणं हा संबंध सरळ आहे. गटार साफ करणाऱ्याला, माळ्याला, पंपचालकाला कन्नड निबंधाची परीक्षा लावली तर संबंध दाखवण्याची जबाबदारी पालिकेवर येईल. लढायचंच असेल तर या फरकावर लढा.

१६(२) मधला ‘निवास’ हा शब्द मात्र आपल्या लोकांनी नीट समजून घेतला पाहिजे, कारण तो दोन्ही बाजूंनी कापतो. निवासाची अट घालण्याचा अधिकार कलम १६(३) प्रमाणे फक्त संसदेला आहे. विधानसभेला नाही, महापालिकेच्या सर्वसाधारण सभेला तर नाहीच. संसदेनं १९५७ साली कायदा केला आणि राज्याराज्यांतल्या जुन्या निवासाच्या अटी काढून टाकल्या. तेलंगण, हिमाचल, मणिपूर, त्रिपुरा यांच्यापुरता काही काळ अपवाद ठेवला. त्यातला तेलंगणचा अपवाद सर्वोच्च न्यायालयानं १९६९च्या ए. व्ही. एस. नरसिंह राव प्रकरणात रद्द केला. संसदही अट घालू शकते ती संपूर्ण राज्यातल्या निवासाची, राज्याच्या एका भागातल्या निवासाची नाही, असं तिथं म्हटलं.

पुढं २००२ मध्ये कैलाशचंद शर्मा प्रकरण आलं. राजस्थानात जिल्हा परिषदांच्या शिक्षकभरतीत जिल्ह्यातल्या आणि ग्रामीण भागातल्या रहिवाशांना जादा गुण दिले जात होते. ते टिकले नाहीत. तेव्हा ‘आमच्या तालुक्यातलाच घ्या’ ही मागणी मोर्चात कितीही गोड वाटली तरी कोर्टात ती पहिल्या तारखेलाच अडते. मराठी संघटनेनं केली तरी अडते, कन्नड संघटनेनं केली तरी अडते.

भालकीवासी (बीदर)

निवासाच्या मुद्द्यावर आमच्याकडची गोष्ट वेगळी आहे, ती इथं यायला हवी. बीदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, कोप्पळ, बळ्ळारी या भागासाठी ९८व्या घटनादुरुस्तीनं कलम ३७१ञ आलं. त्यामुळे आमच्या भागातल्या सरकारी नोकऱ्यांत स्थानिकांना राखीव वाटा मिळतो. क गटात ८० टक्के, ड गटात ८५ टक्के. घटनेतच तरतूद असल्यामुळे १६(२) आडवं येत नाही. आणि हा वाटा भाषेवर नाही, भागावर आहे. भालकी, औराद, बसवकल्याणची मराठी घरातली मुलंही त्याच दाखल्यावर अर्ज करतात. कन्नडचा पेपर त्यांनाही द्यावा लागतोच.

बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, हल्याळ या कलमात नाहीत. एकाच राज्यातल्या दोन सीमाभागांतल्या मराठी मुलांची स्थिती इतकी वेगळी आहे, हे बेळगावच्या चर्चांत कधी ऐकायला मिळत नाही.

निपाणीकर

मी दोन मुलांचा बाप आहे, म्हणून बापाच्या नजरेनं लिहितो. थोरली मराठी माध्यमात शिकली, आठवीपासून तिला शेजारच्या कन्नड बाईंकडे लिहायला-वाचायला धाडलं. लोक नावं ठेवत होते. आज ती एसडीएच्या (सेकंड डिव्हिजन असिस्टंट, म्हणजे कारकुनाच्या; त्यावरची ती एफडीए) परीक्षेला बसते तेव्हा कन्नडच्या अनिवार्य पेपरची तिला धास्ती नसते. तो १५० गुणांचा असतो आणि ५० मिळाले की पात्र. त्यातले गुण गुणवत्तायादीत धरत नाहीत. हे कितीजणांना माहीत आहे? पोरं समजतात की कन्नडमध्ये पहिलं यायचंय, आणि घाबरून अर्ज टाकत नाहीत.

दुसरं, ग्रामीण उमेदवारांना २५ टक्के समांतर (म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतलं) आरक्षण आहे. त्याला पहिली ते दहावी ग्रामीण भागातल्या शाळेत शिकल्याचा दाखला लागतो. शाळा मराठी माध्यमाची असली तरी गाव ग्रामीणच राहतं. कन्नड माध्यमाचं ५ टक्के आपल्याला मिळत नाही हे खरं, पण हातातलं २५ टक्के आपण का सोडतो? खानापूरच्या पश्चिमेकडच्या वाड्यांतल्या मुलांनी तरी हा दाखला मुख्याध्यापकांकडून आणि शिक्षण खात्याकडून वेळेत करून ठेवावा. जाहिरात निघाल्यावर धावपळ करून तो मिळत नाही.

२०१५च्या कायद्यानं आता सगळ्याच शाळांत पहिलीपासून कन्नड शिकवणं टप्प्याटप्प्यानं आलं आहे. धाकट्याच्या पिढीला हा प्रश्न इतका टोचणार नाही. मधल्या पिढीचं काय, हा शहापूरकरांचा सल मात्र खरा आहे.

गाडीवरचा

मंडळी, तुम्ही एसडीए, एफडीएचं बोलालासा. आमच्यासारख्यांचं बी कुणीतरी बोला. माझा बाप एका शहराच्या कचऱ्याच्या गाडीवर होता, मी बी तिथंच हाय. ठेकेदार बदलतोय, गाडी तीच, वाट तीच, आम्ही तेच. दर ठेक्याला नवीन कागदावर सही. पीएफ कापतात म्हणतात, पण पावती कधी हातात येत नाही. कलम १६ आम्हाला लागतंय का नाही? आमच्यात मराठी हाय, कन्नड हाय, तेलुगू हाय. ठेकेदारानं कुणाला भाषा विचारली नाही आजवर.

धारवाड_पीठ

दादा, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात अवघड आहे. आणि तो कर्नाटकातूनच देशाच्या कायद्यात गेला आहे.

१० एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ‘कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी’ हा निकाल दिला. मागच्या दारानं, जाहिरात आणि स्पर्धेशिवाय घेतलेल्या लोकांना कायम करणं म्हणजे बाहेर रांगेत उभ्या असलेल्या बाकीच्या नागरिकांची कलम १६ची संधी हिरावणं, हा त्याचा गाभा. एक सवलत दिली. मंजूर पदावर, पदाची पात्रता असताना, कोर्टाच्या हंगामी आदेशाच्या आधाराशिवाय दहा वर्षं काम केलेल्यांना सरकारांनी एकदाच नियमित करावं.

ही ‘एकदाच’ची सवलत पुढं खात्यांनी कशी टाळली ते २०१०च्या एम. एल. केसरी प्रकरणात दिसतं. ते शेजारच्या गदगच्या जिल्हा पंचायतीतल्या रोजंदारी कर्मचाऱ्यांचं होतं. १९८५ पासून काम करणारी माणसं. न्यायालयानं सांगितलं की खात्यानं पात्र माणसांचा विचारच केला नसेल तर मुदत संपली म्हणून त्यांचा हक्क संपत नाही.

त्यानंतर बरीच वर्षं उमादेवीचा निकाल कामगारांना परत पाठवायला वापरला गेला. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो प्रकरणात केंद्रीय जल आयोगातल्या सफाईच्या बायकांना सर्वोच्च न्यायालयानं नियमित करायला लावलं आणि कायमस्वरूपी कामाला तात्पुरता शिक्का मारून माणसं दशकानुदशकं राबवण्यावर कडक ताशेरे मारले. जानेवारी २०२५ मध्ये गाझियाबाद महापालिकेच्या माळ्यांच्या बाबतीतही त्याच वळणाचा निकाल आला.

तुमच्या बाबतीत पेच असा की तुम्ही कागदोपत्री ठेकेदाराचे. २०१७ नंतर कर्नाटकात झाडलोट करणाऱ्या पौरकार्मिकांची ठेकेदारी काढून पालिकेकडून थेट वेतन देण्याचं धोरण आलं, पण गाडीचे चालक आणि भरणारे बऱ्याच ठिकाणी ठेक्यातच राहिले. पहिलं काम करा. मोबाइलवर यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) टाकून पीएफचं पासबुक काढा. मग जुने हजेरीपट, ओळखपत्रं, गाडीच्या फेरीच्या नोंदवहीचे फोटो, जे मिळेल ते सांभाळा. सलग काम केल्याचा पुरावा कामगाराकडं नसतो, तिथंच अशी प्रकरणं पडतात.

आक्का_गुंजी

मी अंगणवाडी सेविका आहे. आम्हाला तर त्याच गावची रहिवासी असण्याची अट असते. वकीलदादांनी निवासाबद्दल लिहिलं ते वाचून मनात आलं, मग आमची अट कशी चालते?

आणि आणखी एक. आमच्या गावात जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतं की अमक्याची पाटीलकी, तमक्याचं कुलकर्णीपण. आता तसं नाही, पण पंचायतीत कुणी शिपाई वारला की ‘त्याच्या पोराला घ्या’ असंच सगळे म्हणतात. पोरीला घ्या असं कुणी म्हणत नाही.

धारवाड_पीठ

आक्का, २००६ साली ‘कर्नाटक राज्य विरुद्ध अमीरबी’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की अंगणवाडी सेविकांचं काम योजनेखालचं मानधनी काम आहे, ते नागरी पद नाही. त्यामुळे पदाला मिळणारी संरक्षणं तुम्हाला मिळत नाहीत आणि पदाला लागणाऱ्या कसोट्याही तशाच लागत नाहीत. तुमच्यावर हा अन्याय आहे असं मला वाटतं. २०२२ मध्ये त्याच न्यायालयानं सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तेवढी एक वाट उघडली.

वतनाच्या बाबतीत १६(२) मधला ‘कूळ’ हा शब्द कामाला आला. आंध्रातल्या गावमुन्सफाचं (आपल्या पाटलासारखं) पद घराण्यात ठेवण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९६० मध्ये गझुला दशरथ राम राव प्रकरणात मोडली. आपल्याकडं जुन्या मुंबई राज्याच्या काळातच, १९५० साली, परगणा आणि कुलकर्णी वतनं रद्द करणारा कायदा झाला होता. अनुकंपा नेमणूक हा वारसा नाही. कमावतं माणूस गेल्यावर घर उघड्यावर पडू नये म्हणून केलेला तो मर्यादित अपवाद आहे.

पोरीच्या बाबतीतलं उत्तर आपल्या जिल्ह्यातूनच आलेलं आहे. कुडचीच्या बाजार समितीतले सचिव सेवेत असताना वारले. त्यांच्या मुलीनं अर्ज केला, तिचं लग्न झालंय म्हणून तो फेटाळला गेला. डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयानं नियमातला ‘अविवाहित’ हा शब्दच काढून टाकला. मुलाच्या लग्नानं त्याचा हक्क जात नसेल तर मुलीच्या लग्नानं कसा जाईल, असा तो युक्तिवाद होता. पुढच्या वर्षी सरकारनं नियम बदलले. तुमच्या पंचायतीत हे मोठ्यानं सांगा.

पंचगंगा (कोल्हापूर)

इकडच्या बाजूनं दोन गोष्टी.

महाराष्ट्र शासनाच्या १० जुलै २००८च्या परिपत्रकाप्रमाणे सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना महाराष्ट्रातल्या नोकरभरतीला अर्ज करता येतो. डोमिसाइलच्या जागी त्या गावात १५ वर्षं वास्तव्य असल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. पोलीसभरतीच्या जाहिरातीत हे छापलेलं असतं. तरी दाखला वेळेत मिळाला नाही म्हणून मुलं परत जाताना पाहिली आहेत.

दुसरं. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीबरोबर उर्दू असण्याला आव्हान दिलं गेलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती पाटी राहू दिली. नगरपरिषद लोकांना सेवा देते, त्यांना समजणारी भाषा जोडीला वापरायला कायद्याची आडकाठी नाही, असा तो निकाल आहे. बेळगावच्या मराठी माणसानं महापालिकेकडून मराठी परिपत्रकं मागताना हा निकाल पुढं करावा. आणि आम्ही महाराष्ट्रातल्यांनी पातूरच्या उर्दू वाचणाऱ्यांच्या बाजूनं उभं राहावं. एका ठिकाणी मागायचं आणि दुसऱ्या ठिकाणी नाकारायचं, हे मला पटत नाही.

शहापूरचा (बेळगाव)

पंचगंगा, पातूरबद्दल पूर्ण सहमत. माझा आग्रह अजून कायम आहे की ड गटाच्या जागांना भाषेची परीक्षा परिवीक्षेच्या काळात घ्यावी, दारात नको. पण गाडीवरच्या भावानं लिहिलंय ते वाचून वाटतं की आपल्या संघटनांच्या निवेदनांत ठेका कामगारांचा मुद्दा पहिल्या पानावर यायला हवा. आजवर मी तरी तो तिथं पाहिलेला नाही.

मलप्रभाकाठ (खानापूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. आता कामाचं.

मावसभावाच्या मुलासाठी माहिती अधिकाराचा अर्ज तयार करतोय. मागायचं ते एवढं: मंजूर पदं किती, भरलेली किती, ठेक्यानं किती, बिंदुनामावलीची (कुठली जागा कुठल्या प्रवर्गाला राखीव त्या तक्त्याची) प्रत, मागच्या भरतीची जाहिरात कुठल्या तारखेला कुठं लागली, निवड समितीचा ठराव. १९९६च्या मलकापट्टणम प्रकरणापासून न्यायालयांनी हे धरलं आहे की नुसती रोजगार विनिमय केंद्राची यादी पुरत नाही, वर्तमानपत्रांतून आणि सूचना फलकावरून जाहीर बोलावणं लागतं. त्यामुळे जाहिरातीची तारीख हाच कळीचा प्रश्न.

वकीलसाहेब, उत्तर आल्यावर किती दिवस हाताशी असतात?

धारवाड_पीठ

राज्यसेवेतल्या पदाचा वाद असेल तर आधी कर्नाटक प्रशासकीय न्यायाधिकरण. त्याचं पीठ बेळगावातही आहे, बेंगळूरुला धावायला नको. तिथली मुदत आदेशापासून एक वर्ष. स्थानिक संस्थेनं स्वतः केलेल्या नेमणुकीचा वाद कलम २२६ खाली (उच्च न्यायालयाचा रिट अधिकार) धारवाडला येतो. तिथं ठरावीक मुदत नाही, पण उशीर झाला की न्यायमूर्ती पहिला प्रश्न त्याचाच विचारतात. माहिती अधिकाराला ३० दिवस जातात, म्हणून अर्ज याच आठवड्यात टाका. अपिलाची तारीख वहीत लिहून ठेवा.

निपाणीकर

सर, एक लक्षात घ्या. कर्नाटकाच्या नियमात माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो. तुमची यादी लांब आहे, एका अर्जात घातली तर परत येईल. पदं आणि बिंदुनामावली एका अर्जात, जाहिरात आणि निवडीचा ठराव दुसऱ्यात घाला. प्रत्येकी दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर. मजकूर इथं टाका, थोरलीकडून कन्नडमध्ये करून उद्या संध्याकाळपर्यंत पाठवतो. गाडीवरच्या दादांच्या ठेक्याच्या करारनाम्याची प्रत मागायला तिसरा अर्जही त्यातच करून देतो. त्यांनी ठेका कुठल्या वर्षापासूनचा ते फक्त कळवावं.